शहाजोग पत्ता

एकोणिसाव्या शतकात इस्तंबूलच्या बाजारातून एक सुगंधी तेल युरोपात जायचं. तिकडचे व्यापारी त्याला 'तुर्की जिरेनियम तेल' म्हणायचे. ते तुर्की नव्हतं आणि जिरेनियमचंही नव्हतं. ते रोशा गवताचं तेल होतं. त्याचा मोठा भाग खानदेशातून जायचा, आणि खानदेशात हे गवत सगळ्यात जास्त उगवायचं ते पिंपळनेरच्या आसपास. पिंपळनेर म्हणजे माझं गाव.

जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेलं खानदेश जिल्ह्याचं गॅझेटियर १८८० साली छापलं गेलं. आज पिंपळनेर साक्री तालुक्यात येतं. तेव्हा ते स्वतःच तालुका होतं. १८७९-८० च्या हंगामात या भागात रोशा तेलाच्या जवळपास दोनशे भट्ट्या चालत होत्या. पावसाळा सरत आला, गवत तयार झालं की ओढ्याच्या काठी भट्टी लागायची. मोठ्या लोखंडी कढईत पाणी आणि गवत भरायचं. झाकण ठेवून फटी उडदाच्या पिठानं लिंपून टाकायच्या. झाकणातून निघालेली पोकळ बांबूची नळी वाहत्या पाण्यात बुडवलेल्या भांड्यात सोडायची. वाफ थंड झाली की पाण्यावर तेलाचा तवंग यायचा. हे काम करणारे बहुतेक कारागीर मुसलमान होते. भारेच्या भारे गवत उकळावं तेव्हा कुठे थोडंसं तेल हाती लागायचं.

ते तेल कातडी बुधल्यांत भरून बैलांवर लादायचं. एक वाट कोंडाईबारीच्या घाटातून सुरतेला जायची, दुसरी धुळ्यावरून मनमाडला आणि तिथून रेल्वेनं मुंबईला. मुंबईत त्यात शेंगदाण्याचं, जवसाचं तेल किंवा टर्पेंटाइन मिसळलं जायचं. मग जहाजानं जेद्दाला, तांबड्या समुद्रातल्या इतर बंदरांवर, पुढे इस्तंबूलला. तिथे त्याचं नाव 'इद्रिस यागी'. शेवटी बल्गेरियाच्या गुलाबी अत्तरात ते चोरून मिसळलं जायचं आणि पॅरिस-लंडनमध्ये गुलाब म्हणून विकलं जायचं. वास पिंपळनेरचा, नाव प्रत्येक मुक्कामावर वेगळं. भट्टीवाल्यानं कितीही शुद्ध तेल काढलं तरी त्याच्या शुद्धपणाचा त्याला काही उपयोग नव्हता. तक्रार आली तरी त्याच्यापर्यंत पोचणार नव्हती आणि कौतुक झालं तरी नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पुण्यात एका कंपनीत काम करतो. आमच्या प्रणालीतून रोज जे ईमेल बाहेर पडतात ते लोकांच्या इनबॉक्समध्ये पोचतात की स्पॅममध्ये पडतात, हे बघणं माझ्या कामाचा एक भाग आहे. या कामात असल्यापासून रोशा तेलाची गोष्ट मला वेगळी दिसायला लागली. कारण ईमेलमधला मूळ प्रश्न तोच आहे: वस्तू कुठून निघाली हे सांगणारं नाव वस्तूबरोबर शेवटपर्यंत जातं का, आणि ते वाटेत कोणी बदललं तर कळतं का?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याची उत्तरंही आपल्याकडे होती. मराठेशाहीतली पत्रं बघा. मुख्य शिक्का पत्राच्या वरच्या भागात असायचा. पत्र कोणाकडून आलं, हे त्यावरून कळायचं. मजकूर जिथे संपतो तिथे दुसरा, लहान शिक्का असायचा. तो म्हणजे मोर्तब. मजकूर इथे संपला, याच्याखाली कोणी काही लिहिलं असेल तर ते आमचं नाही, असा त्याचा अर्थ. एक शिक्का माणसाची खात्री द्यायचा, दुसरा मजकुराची. आपण आज सहज 'शिक्कामोर्तब झालं' म्हणतो तेव्हा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या हे विसरलेलो असतो.

व्यापाऱ्यांकडे हुंडी होती. हुंडी म्हणजे एका पेढीनं दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली चिठ्ठी: अमुक रक्कम अमुक मुदतीनं द्यावी. पण ती हुंडी घेऊन दारात उभा असलेला माणूस खरा की चोर? त्यासाठी 'शहाजोग' हुंडी निघाली. तिचे पैसे फक्त 'शहा'ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या व्यापाऱ्यालाच द्यायचे. हुंडी चोरीला गेली तरी चोराला थेट पैसे मिळत नसत. त्याला कोणातरी शहाच्या नावाखाली यावं लागे, आणि शहा आपलं नाव असं वाटेल त्याला देत नसे. शहाजोग म्हणजे शहाच्या योग्यतेचा. आज मराठीत शहाजोग माणूस म्हणजे साळसूदपणाचा आव आणणारा. हा शब्द असा उलटा कसा फिरला असेल, याचा अंदाज बाजारात वावरलेल्या कोणालाही करता येईल.

आता ईमेलकडे येऊ. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनिअरनं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठवला आणि माणसाचं नाव व यंत्राचं नाव वेगळं करायला @ हे चिन्ह वापरलं. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेल पोचवण्याचे नियम लिहिले. आज आपण जो ईमेल पाठवतो तो त्याच नियमांच्या सुधारित रूपावर चालतो. त्या काळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. कोण खोटं नाव सांगेल, हा विचारच नव्हता. त्यामुळे 'प्रेषक' या जागी काहीही लिहिता यायचं. आपल्या आंतरदेशीय पत्रासारखं: मागे पाठवणाऱ्याचं नाव-गाव लिहायला जागा असते, पण पोस्टमन ते तपासत नाही. त्यावर मी जिल्हाधिकारी लिहिलं तरी पत्र पोचणारच.

ही मूळची उणीव भरून काढायला पुढची पंचवीस-तीस वर्षं गेली. आज त्यासाठी तीन गोष्टी वापरतात. पहिली एसपीएफ. डोमेनचा मालक जाहीर यादी लावतो: आमच्या नावानं पत्र पाठवायचा अधिकार फक्त या सर्व्हरांना आहे. दुसरी डीकेआयएम, तिचं प्रमाण २००७ साली निघालं. यात पाठवणारा सर्व्हर मजकुरावर गुप्त किल्लीनं सही करतो आणि ती सही तपासायची किल्ली जगासमोर ठेवतो. वाटेत मजकुरातला खाते क्रमांक बदलला तर सही जुळत नाही. तिसरी डीमार्क, २०१२ ची. पत्र या तपासण्यांत नापास झालं तर त्याचं काय करायचं, बाजूला ठेवायचं की दारातूनच परत पाठवायचं, हे डोमेनचा मालक त्यात सांगतो. म्हणजे शिक्का, मोर्तब आणि दरवानाला दिलेला हुकूम. फेब्रुवारी २०२४ पासून तर जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना गूगलनं या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या.

यात मेख अशी की हे तिन्ही शिक्के डोमेनला लागतात. डोमेन म्हणजे @ नंतरचा भाग. तुमच्या दुकानाचं ईमेल जीमेलवर असेल तर त्यावर शिक्का आहेच, पण तो गूगलचा. गूगल एवढंच सांगतं की हे पत्र आमच्याकडच्या या खात्यातून निघालं. ते खातं उघडणारा माणूस कोण, त्याचं खरोखर दुकान आहे का, यातलं काही गूगल सांगत नाही. तुमच्या दुकानाचं नाव @ च्या आधी येतं, आणि त्या भागावर कोणाचा ताबा नसतो. नावात एक अक्षर, एक अंक किंवा 'ट्रेडर्स' वाढवून तसंच दुसरं खातं कोणीही पाच मिनिटांत फुकट उघडू शकतो. दोन्ही पत्रांवर गूगलचा शिक्का सारखाच खरा असतो.

मग आपल्याकडे दुकानांपासून दवाखान्यांपर्यंत सगळ्यांच्या पाट्यांवर फुकटचे ईमेल पत्ते का? आळस हे त्याचं उत्तर नाही, इतिहास आहे. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सुरू केलं. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढलं. संगणक नसलेल्या माणसालाही सायबर कॅफेत बसून स्वतःचा पत्ता मिळाला, तोही फुकट. २००४ मध्ये जीमेल आलं. आणि याच काळात स्वतःचं भारतीय डोमेन मिळवणं भलतंच अवघड होतं. नियम कडक, हेलपाटे भरपूर. १९९२ ते २००४ या वर्षांत डॉट इनची नावं जेमतेम सात हजारांच्या आसपास नोंदली गेली. डॉट कॉम घ्यायचं तर डॉलरमध्ये पैसे भरायला कार्ड हवं. २००५ मध्ये डॉट इन सगळ्यांना खुलं झालं, तोवर अख्ख्या पिढीला फुकटच्या पत्त्याची सवय लागली होती. नंतर व्हॉट्सॲप आलं आणि ईमेल म्हणजे फॉर्मवरचा रकाना भरायची गोष्ट, एवढंच उरलं.

गावात हे चालून जातं. गावात पत्त्याची गरजच नसते. आमच्या ओळखीतल्या एका कांदा व्यापाऱ्याला सगळे नाना म्हणतात, मीही म्हणतो. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर त्यांच्या खळ्यावर येतो तो नानांचा चेहरा बघून. पाऊसपाण्यात, भाव पडलेला असताना त्यांनी हिशेबपट्टी कशी चुकती केली, हे चाळीस गावांना माहीत आहे. पण तोच कांदा गोणीत भरून दक्षिणेतल्या एका शहरात गेला की तिथल्या खरेदीदारासाठी नाना म्हणजे फोनवरचा आवाज आणि एक ईमेल पत्ता. दीडशे वर्षांपूर्वीच्या भट्टीवाल्यासारखंच, घाट उतरला की माणूस मागे राहतो.

दोन वर्षांपूर्वी त्या खरेदीदाराला एक ईमेल आला. बिल नानांच्या बिलासारखंच, वजनं बरोबर, गाडीचा नंबर बरोबर. फक्त बँक खातं नवीन. 'जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे, यावर पैसे टाका.' पत्ता नानांच्याच नावाचा, फुकटवाला, फक्त मध्ये एक अक्षर जास्त. खरेदीदारानं पैसे टाकले. चार दिवसांनी नानांनी पैशांसाठी फोन केला तेव्हा उलगडा झाला. "भाऊ, तो मेल मना नही शे," नाना मला फोनवर एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होते.

त्यांनी १९३० या सायबर हेल्पलाइनला तक्रार दिली. थोडी रक्कम वाटेत गोठवली गेली, बाकीची गेली. खरेदीदार म्हणाला, तुमच्या पत्रावरून पैसे टाकले, माझं काम झालं. नाना म्हणाले, पत्र माझं नाही. दोघंही आपापल्या जागी खरे होते. खरा नाना आणि खोटा नाना यांच्यात फरक दाखवेल असं त्या पत्त्यात काहीच नव्हतं. शेवटी शेतकऱ्यांची पट्टी नानांनी सोनं गहाण ठेवून चुकती केली, कारण गावातली पत गेली असती तर पुढच्या हंगामात एकही ट्रॅक्टर आला नसता. एका बाजाराची पत वाचवायला त्यांना दुसऱ्या बाजारातला तोटा स्वतः सोसावा लागला.

हा प्रकार काही एकट्या नानांचा नाही. ओळखीच्या व्यापाऱ्याचं सोंग घेऊन खातं बदलायला लावायची ही जगभरची रीत आहे. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात अशा व्यावसायिक ईमेल फसवणुकीच्या तक्रारींत २.९ अब्ज डॉलरचं नुकसान नोंदलं गेलं.

स्वतःचं डोमेन असतं तर हे टळलं असतं का? याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर: सगळं नाही. गाडीचा नंबर चोराला कळला याचा अर्थ कोणीतरी नानांच्या मेलमध्ये डोकावत होतं. त्या एकाच खात्याचा पासवर्ड नानांकडे, त्यांच्या मुलाकडे आणि दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुनीमाकडे होता. आणि चोर डोमेनही एक अक्षर बदलून विकत घेऊ शकतो. पण काही गोष्टी नक्की बदलल्या असत्या. प्रत्येकाचा पत्ता वेगळा असता आणि मुनीम गेला त्या दिवशी त्याचा बंद करता आला असता. खरेदीदाराला सांगता आलं असतं की @ नंतर आमचं नाव नसेल तर ते पत्र फाडून टाका. पाचशे फुकट पत्त्यांतून खरा ओळखण्यापेक्षा हा नियम सोपा आहे, तो फोनवर एका वाक्यात सांगता येतो. आणि नानांच्या नेमक्या डोमेनचं नाव टाकून कोणी खोटं पत्र पाठवलं असतं, तर डीमार्कचा हुकूम वाचून समोरच्या सर्व्हरनं ते दारातूनच हाकललं असतं.

खरेदीदाराचा विश्वास बसायला याहून जास्त लागतं, हे खरंच. डोमेन माणसाला प्रामाणिक करत नाही. ते फक्त एवढं सांगतं की कालचं पत्र आणि आजचं पत्र एकाच घरातून आलं. पण पत साठते ती इथेच. कालचा चांगला व्यवहार आजच्या नावाला जोडता आला नाही, तर दरवेळी पहिल्यापासून सुरुवात.

खानदेशातच याचं दुसरं टोकही बघायला मिळतं, आणि योगायोगानं तेही तेलाचंच. २९ डिसेंबर १९४५ ला मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली. शेंगदाण्याच्या मुलखात वनस्पती तुपाचा कारखाना. पण हे तूप डब्यात भरून निघायचं आणि डब्यावर 'सनफ्लॉवर' हे नाव असायचं. कपड्यांच्या साबणाला ७८७ हा आकडाच नाव म्हणून मिळाला. डबा कुठल्याही गावी गेला तरी नाव सोबत जायचं, तूप चांगलं असो की वाईट, श्रेय आणि शिव्या कारखान्यापर्यंत परत यायच्या. कंपनीच्या लांबलचक नावातली अक्षरं जोडून पुढे 'विप्रो' झालं. तुपाकडून संगणकाकडे गेलेल्या त्या कंपनीच्या माणसांच्या ईमेलमध्ये @ नंतर आजही तेच अमळनेरला जुळलेलं नाव असतं. रोशा तेल आणि सनफ्लॉवर तूप यांच्या नशिबात भांडवल, काळ, कायदा असे पुष्कळ फरक होते. त्यातला एक नावाचा होता.

आता सरकारी यंत्रणाही याच वाटेनं चालली आहे. ७ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की भारतातल्या बँकांसाठी 'बँक डॉट इन' हे राखीव डोमेन असेल, आणि त्यावर जायला ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे नाव बाजारात कोणालाही विकत मिळत नाही. हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था ते फक्त बँकांना देते. त्यात सहकारी बँकाही आल्या. जुन्या भाषेत सांगायचं तर ही शहाजोग हुंडीच: नाव त्यालाच, ज्याची पत कोणीतरी तपासली आहे. पतसंस्था मात्र बँक नसते, त्यामुळे हे नाव तिला नाही. आपल्या भागात शेतमजुरापासून शिक्षकापर्यंत अनेकांच्या ठेवी पतसंस्थांत आहेत. तिथला सभासद आपल्या संस्थेचं पत्र खरं की खोटं हे कशावरून ओळखणार? निदान संस्थेनं स्वतःचं साधं डोमेन घेतलं पाहिजे, आणि पासबुकावर ते ठळक छापलं पाहिजे.

मालाच्या बाबतीत हे आपण शिकलो आहोत. जळगावची केळी, जळगावचं भरीताचं वांगं, नवापूरची तूरडाळ या तिघांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नवापूर तर आमच्यापासून डोंगरापलीकडे. म्हणजे गावाचं नाव ही मालाची किंमत आहे, ते दुसऱ्यानं लावू नये, हे कायद्यानं मान्य झालं. मग त्याच तूरडाळीचं दरपत्रक एखाद्या गटानं फुकटच्या, कोणालाही नक्कल करता येईल अशा पत्त्यावरून मुंबईच्या दुकानदाराला पाठवायचं, याला काय म्हणावं?

खर्चाचं म्हणाल तर डॉट इनचं नाव वर्षाला हजार रुपयांच्या आत मिळतं. मेलपेटीचे पैसे वेगळे, माणशी, दरमहा. दुकानावरच्या फ्लेक्सला याहून जास्त जातात. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळतं. घेताना तीन गोष्टी बघा. नाव दुकानाच्या मालकाच्याच नावावर आणि त्याच्याच मोबाइलवर नोंदवा, सायबर कॅफेवाल्याच्या किंवा भाच्याच्या नाही. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क लावून घ्या; डोमेन घेऊन हे न लावणं म्हणजे शिक्का करून तो टेबलावर उघडा ठेवणं. आणि गिऱ्हाइकाला आधीच लिहून कळवा की आमचं बँक खातं ईमेलवरून कधीही बदलणार नाही, बदललं तर आम्ही फोन करू.

नानांचं डोमेन मी गेल्या दिवाळीत घेऊन दिलं. त्यांच्याच नावावर, त्यांच्याच फोनवर. नवीन पत्ता त्यांनी हिशेबपट्टीवर छापून घेतला, शेतकऱ्यांना त्याचा काही उपयोग नसला तरी. सगळं समजावून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हाई नाव पुढे मना पोरले भेटी का?"

मी सांगितलं, मिळेल, पण दरवर्षी पैसे भरावे लागतील. एक वर्ष चुकलं की ते नाव दुसरा कोणीही उचलू शकतो, आणि मग तुमच्या नावाची पत्रं तो लिहील. नानांनी खिशातली डायरी काढली आणि वीजबिल, बाजार समितीचा परवाना, गाडीचा विमा यांच्या तारखांखाली त्याची तारीख लिहून ठेवली.